माइंड मॅप इतके सुंदर काढते, मग पेपरात आठवत का नाही?

मुलं मन लावून अभ्यास करतात, नोट्स नेटक्या काढतात आणि तरी पेपरात अडतात, ही तक्रार घेऊन येणारे पालक मला, समुपदेशक म्हणून, सतत भेटतात. अलीकडे या तक्रारीत माइंड मॅपची भर पडली आहे. वर्गात कुणी सांगितलेलं असतं किंवा एखाद्या व्हिडिओत पाहिलेलं असतं, आणि मुलं रंगीत पेनं घेऊन कामाला लागतात. पानाच्या मधोमध विषय, त्यातून फुटणाऱ्या फांद्या, फांद्यांना उपफांद्या, जागोजागी चित्रं. बघणाऱ्याला वाटतं, धडा पक्का झाला. मग निकाल लागतो आणि घरात सगळेच हिरमुसतात.

अकरावी सायन्सच्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

तिची आई वह्यांचा गठ्ठाच घेऊन आली होती. "मॅडम, ही तासन्‌तास बसते हो. आळस नाही, मोबाइल नाही. तुम्हीच बघा वह्या. आणि जीवशास्त्रात जेमतेम पासापुरते मार्क! हिची स्मरणशक्तीच कमी आहे का? की हे मॅप काढणं बंद करायला लावू?"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मला सगळं येत असतं. पेपर समोर आला की जातं."

"येत असतं हे तुला कसं कळतं?" मी विचारलं.

ती जरा गोंधळली. "म्हणजे... मॅप बघितला की सगळं ओळखीचं वाटतं ना."

तिची अडचण तिने स्वतःच सांगून टाकली होती. एखादी गोष्ट समोर आल्यावर ओळखणं आणि समोर काही नसताना ती आठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पेपरात दुसरं काम करावं लागतं. ही मुलगी वर्षभर पहिल्याचाच सराव करत होती.

मी तिला प्रकाशसंश्लेषणाचं पान काढायला सांगितलं. पान खरोखर देखणं होतं. मधे हिरवं पान, वर सूर्य, आठ-दहा रंग, अक्षर मोत्यासारखं. मग वही मिटून बाजूला ठेवली आणि कोरा कागद पुढे केला. "आता यावर काढ. जमेल तेवढंच."

"आत्ता? मी वाचून नाही आले, मॅडम." तिचा चेहरा उतरला. कोऱ्या कागदाची तिला किती भीती बसली आहे, हे मला त्या क्षणी दिसलं. मार्क द्यायचे नाहीत, आईलाही दाखवायचं नाही, असं सांगितल्यावर आणि आई बाहेर जाऊन बसल्यावर तिने पेन उचललं. सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड, हरितद्रव्य. चार फांद्या भराभर झाल्या आणि हात थांबला. बराच वेळ कागदाकडे बघून ती म्हणाली, "इथे उजवीकडे जांभळ्या रंगात काहीतरी होतं."

रंग आठवत होता, जागाही आठवत होती. तिथे काय लिहिलं होतं ते मात्र आठवत नव्हतं.

वही पुन्हा उघडली तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात प्रकाश अभिक्रिया (प्रकाशातून ऊर्जा मिळवायचा टप्पा) होती, डाव्या खालच्या कोपऱ्यात कॅल्विन चक्र (साखर बनवायचा टप्पा). दोन्हींखालचे मुद्दे बिनचूक होते. दोन्हींना जोडणारी रेघ मात्र कुठेच नव्हती. मी विचारलं, "दिवा बंद केला तर कॅल्विन चक्राचं काय होईल?"

"काही नाही. त्याला प्रकाश लागत नाही."

प्रकाश थेट लागत नाही हे खरं. पण त्या चक्रात कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायला जे एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहून नेणारे रेणू खर्च होतात, ते प्रकाश अभिक्रियेतूनच येतात. अंधार झाला की पुरवठा बंद पडतो आणि थोड्याच वेळात चक्रही थंडावतं. हे आम्ही पुस्तकातून दोघींनी मिळून शोधलं. मग तिने दोन कोपऱ्यांमध्ये एक लांब बाण ओढला आणि त्यावर लिहिलं, 'एटीपी, एनएडीपीएच पुरवते'. परतीचा बाण तिने आपणहून काढला. वापरून झालेले रेणू पुन्हा भरून घ्यायला प्रकाश अभिक्रियेकडे परत जातात, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

ऑक्सिजनचंही तसंच. तिच्या मॅपमध्ये तो एका कडेला 'बाहेर पडतो' एवढ्यावर उभा होता. कुठून बाहेर पडतो? "कार्बन डायऑक्साइडमधून. कार्बन ठेवला, ऑक्सिजन सोडला." पुष्कळ मुलांना असंच वाटतं. प्रत्यक्षात तो पाण्याच्या रेणूंचं विघटन होऊन येतो. 'पाणी' आणि 'ऑक्सिजन' यांच्यामध्ये रेघ ओढून तिच्यावर 'विघटन होऊन' असं लिहिल्यावर ती ताठ बसली. "मॅडम, हे पुस्तकात आहे. मी लिहिलंसुद्धा होतं, वेगळ्या फांदीवर."

मॅपमधला शब्द न्‌ शब्द बरोबर असून समज मात्र अर्धवट राहिलेली, असं असू शकतं. म्हणून फांद्यांच्या संख्येपेक्षा रेघांवर काय लिहिलंय ते मी आधी बघते.

या पद्धतीची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण दोन वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ होते. माइंड मॅप हे नाव घरोघरी पोहोचवलं ब्रिटनच्या टोनी बुझान यांनी, 1974 साली बीबीसीवरच्या मालिकेतून. मधे विषय, बाहेर पसरणाऱ्या फांद्या, एका फांदीवर एकच शब्द, रंग आणि चित्रं, ही त्यांची रीत. त्याच दशकात अमेरिकेत जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कन्सेप्ट मॅप तयार केले. त्यात दोन संकल्पनांना जोडणाऱ्या रेघेवर त्यांचं नातं सांगणारे शब्द लिहावे लागतात, 'मुळे होतो', 'पासून बनतो', 'अडवतो' असे. मुलांना मी बुझानांची मांडणी घ्यायला सांगते, पण रेघेवर शब्द लिहायची सवय नोव्हाकांची. एकेका शब्दाचा मॅप दिसतो छान, पण त्यात न समजलेली गोष्ट सहज लपते.

आता या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येते. 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात जेफ्री कार्पिकी आणि जनेल ब्लंट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना विज्ञानाचा उतारा दिला. काहींनी तो नुसता परत परत वाचला. काहींनी तो समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढला. काहींनी वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे होते. आठवड्यानंतर परीक्षा म्हणून मॅपच काढायला सांगितला, तरीही तेच पुढे. आणखी एक गोष्ट मला समुपदेशक म्हणून फार मोलाची वाटते: परीक्षेआधी अंदाज विचारला तेव्हा नुसतं परत परत वाचणाऱ्यांनाच सगळ्यांत जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. अभ्यास झाल्याची भावना आणि झालेला अभ्यास यांत असं अंतर पडतं. आमच्या मुलीला 'सगळं येत असतं' असं वाटण्यात काहीच लबाडी नव्हती.

म्हणून मॅप काढणं बंद करायचं का? मुळीच नाही. याच दोघांनी 2014 साली पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मॅप पुस्तक मिटून, आठवणीतून काढायला लावला होता. तेव्हा तो आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. सगळा फरक पुस्तक उघडं की मिटलेलं, यात आहे.

मी तिला जे सांगितलं ते असं. धडा पूर्ण नको, एक भाग वाच. पुस्तक मीट. कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने दहाएक मिनिटं जे आठवेल ते काढ. अडलीस तरी लगेच पान उघडू नकोस, थोडी त्या अडण्यात थांब. आठवायला लागलेल्या जोरामुळेच ते पक्कं होतं. मग पुस्तक उघड आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनाने भर. रंग दोनच आणि प्रत्येकाला अर्थ आहे. लाल दिसेल तेवढाच उद्याचा अभ्यास. दुसऱ्या दिवशी नवा कागद, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. मुख्य फांद्या शक्यतो चार-पाचच ठेव, कारण एका वेळी मनात चारेक गोष्टीच नीट धरता येतात. जास्त झाल्या तर त्यांचे गट कर.

वर्गात शिकवणं चालू असताना मॅप काढू नकोस, हेही सांगितलं. पुढचा मुद्दा कुठला येणार हे माहीत नसताना मांडणी करणं कठीण असतं, आणि फांदी कुठे काढायची या विचारात दोन वाक्यं निसटतात. वर्गात साधे मुद्दे उतरवावेत, मॅप संध्याकाळी, वही मिटून.

तिला हे आवडलं नाही. "खूप घाण दिसतं, मॅडम. अर्धं पान लाल." ती रडवेली झाली होती. देखणा मॅप तिच्यासाठी दिलासा होता: आपण अभ्यास केला याचा स्वतःला आणि घरच्यांना दाखवायचा पुरावा. लाल पान म्हणजे आपल्याला येत नसल्याची जाहिरात. धाक वाटणाऱ्या भागापासून दूर राहायची मुलांची ही एक कष्टाळू रीत असते, आणि कष्ट दिसत असल्यामुळे ती कुणाच्या लक्षात येत नाही.

इथे आईची मदत लागली. आई आजवर वह्यांचं भरभरून कौतुक करत आली होती, प्रेमापोटीच. मी त्यांना विनंती केली, "आता पानाचं कौतुक नको. लाल पान बघून 'अगं, काहीच येत नाही' असंही नको. फक्त एखाद्या रेघेवर बोट ठेवा आणि विचारा, ही इथून तिथे का गेली?" त्या म्हणाल्या, "मला जीवशास्त्र कुठे येतं?" मी म्हटलं, "ते तर उत्तमच. तुम्हाला समजेपर्यंत तिला सांगावं लागेल."

चमत्कार झाला नाही. पुढच्या चाचणीत मार्क थोडे वाढले, त्यानंतर आणखी थोडे. मला जास्त आनंद झाला तो वेगळ्या गोष्टीचा. एका चाचणीआधीच तिने सांगितलं, "श्वसनाचा ग्लायकोलिसिसचा भाग अजून लाल येतोय, बाकी ठीक." आपल्याला काय येत नाही हे तिला आता पेपरच्या आधी कळत होतं.

फिजिक्समध्ये मात्र मॅपचा फायदा झाला नाही. ते मी तिला स्पष्टच थांबवायला सांगितलं. गणितं सोडवूनच येतात. सूत्रांची सुंदर फांदी काढून ती येत नाहीत. पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी सिद्धता पायऱ्यांनीच लिहावी. दोन गोष्टींची तुलना असेल तर तक्ता बरा, घटनाक्रम असेल तर काळरेषा. वर्गीकरण, कारणं-परिणाम, शरीरातल्या संस्थांची कार्यं, निबंधाची पूर्वतयारी, इथे मॅप कामाला येतो.

आणि काही मुलांना फांद्या काढणं मुळातच नकोसं वाटतं. माझ्याकडच्या एका मुलाने सरळ सांगितलं, "मला एकाखाली एक लिहिलेलंच कळतं." त्याला मी कोऱ्या कागदावर आठवून मुद्दे लिहायला आणि मुद्द्यांमध्ये बाण काढायला सांगितलं. त्याचं छान चाललं. फांद्यांची सक्ती करू नये.

शिक्षकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. तयार मॅपच्या झेरॉक्स मुलांना वाटू नका. जो विचार करून तुम्ही तो बनवता, तो विचारच मुलांना हवा असतो आणि झेरॉक्समध्ये नेमका तोच नसतो. त्यापेक्षा धडा सुरू करायच्या आधी पाच मिनिटं मुलांना त्या विषयाबद्दल माहीत असलेलं कागदावर मांडू द्या. 'झाडाचं अन्न मातीतून' अशी रेघ चार कागदांवर दिसली, तर शिकवायला कुठून सुरुवात करायची ते कळतं. धडा संपल्यावर त्याच कागदावर मुलांनी आपल्या रेघा दुरुस्त कराव्यात.

आईंचा पहिला प्रश्न स्मरणशक्तीचा होता. या मुलीच्या स्मरणशक्तीत काही बिघाड नव्हता. पण प्रत्येक वेळी उत्तर हेच असेल असं नाही. मूल घरी पुस्तक मिटून सगळं नीट मांडतं, आणि परीक्षेच्या खोलीतच छातीत धडधडून सगळं पुसलं जातं, असं असेल तर तो परीक्षेच्या भीतीचा प्रश्न आहे आणि त्यावर वेगळं काम करावं लागतं. वाचतानाच फार दमछाक होत असेल, ओळी सुटत असतील, लिहिताना वयाच्या मानाने खूप चुका होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यावी. झोप पाच तासांवर आली असेल तर आधी झोप. हे तीन प्रश्न मी आता वही उघडायच्या आधीच विचारते, आणि पालकांनीही माझ्याकडे येण्याआधी घरी विचारून बघायला हरकत नाही.