चाफ्याची सगळी पाने गळाली. झाड उपटून टाकावे का?

मुलुंडच्या गच्चीवर ड्रममध्ये लावलेल्या खुरचाफ्याची पाने जानेवारीत एकूणएक गळाली, माळी झाड मेले म्हणतो, तर रोज पाणी घातल्यास ते वाचेल का, असे आपण विचारले आहे. कृपया झाड उपटू नका, आणि रोज पाणी तर मुळीच घालू नका.

खुरचाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. कोरड्या ऋतूत पाने टाकून द्यायची आणि जाड, रसाळ फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर तग धरायचा, ही त्याची जन्मजात रीत असल्यामुळे मुंबईतही थंडीच्या सुमारास तो उघडाबोडका होतो. पाने नसली की त्याला पाणी फारसे लागत नाही. घातलेले पाणी मातीतच साचते आणि मुळे कुजतात. माझे पहिले झाड मी असेच गमावले. सुरकुतलेल्या फांद्या पाहवेनात, म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालत राहिलो, आणि एके दिवशी बुंधा सहज दाबून पाहिला, तर बोट आत रुतले आणि आंबूस वास आला.

आपण फांदी नखाने हलकेच खरवडून पाहावी. सालीखाली हिरवा, ओलसर थर दिसला आणि पांढरा चीक आला, तर झाड जिवंत आहे. थोड्या सुरकुत्यांनी घाबरू नये. चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये. एखादी फांदी मऊ, काळपट लागली, तर आत स्वच्छ पांढरा भाग दिसेपर्यंत ती कापावी. निरोगी फांद्यांची टोके मात्र छाटू नयेत, कारण फुलांचा घोस नेमका तिथेच येतो.

सोनचाफ्याची गोष्ट वेगळी. नावात चाफा असला तरी त्याचे कूळ निराळे आहे आणि तो सदाहरित आहे. त्याची सगळी पाने गळाली असती, तर मीही काळजीत पडलो असतो.

तूर्त ड्रमची भोके तुंबलेली नाहीत ना, एवढे पाहावे, झाड भरपूर उन्हात ठेवावे आणि खत देऊ नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्यांच्या टोकांवर हिरवे कोंब दिसू लागले, की थोडे शेणखत घालून पाणी सुरू करावे, तेही वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच.