अमेरिकेतील दवाखान्यात रुजू होण्यापूर्वी

नमस्कार. आपण १० वर्षे एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष आणि केसपेपर सांभाळले आहेत, आता कामाच्या परवान्यासह न्यू जर्सीला येत आहात, आणि मेडिकल ऑफिसच्या जाहिरातींत वारंवार दिसणाऱ्या ‘हिपा’चा, म्हणजे रुग्णांच्या माहितीची गोपनीयता जपण्यासाठीच्या अमेरिकी कायद्याचा, कोणता कोर्स करावा, असे आपण विचारले आहे. मी याच राज्यातील एका छोट्या दवाखान्यात ११ वर्षे हेच काम करीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोर्ससाठी पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या कायद्यासाठी सरकारमान्य असे प्रमाणपत्रच नाही. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कायद्याने दवाखान्यावर टाकली आहे. कायदा १९९६चा आहे. त्याखालील गोपनीयतेचा नियम एप्रिल २००३पासून आणि सुरक्षेचा नियम एप्रिल २००५पासून बहुतेक दवाखान्यांना पाळावा लागतो. पहिला नियम कागदावरच्या, संगणकावरच्या आणि तोंडी सांगितलेल्या माहितीलाही लागू आहे, तर दुसरा फक्त इलेक्ट्रॉनिक माहितीपुरता आहे.

कलमे आठवडाभरात समजतात. सवयी बदलायला मात्र मला वर्ष लागले. आपल्याकडे ओळखीचे कोणी आजारी पडले की चौकशी करणे हा जिव्हाळा मानला जातो, आणि तो खराच असतो. समजा, आपल्या परिचयातील एक काकू आपल्याच दवाखान्यात तपासून गेल्या आणि काळजीपोटी आपण त्यांचा चार्ट उघडून रिपोर्ट पाहिला. कोणाला काही सांगितले नाही, काही छापले नाही, तरीही तो गोपनीयतेचा भंगच ठरतो, कारण आपल्या कामासाठी तो चार्ट पाहण्याची गरज नव्हती. कोणत्या लॉगिनवरून कोणता चार्ट किती वाजता उघडला गेला याची नोंद प्रणालीत राहते आणि ती तपासली जाते. अशा एका चार्टपायी चांगल्या मनाच्या माणसाची नोकरी गेलेली मी पाहिली आहे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. स्वतःच्या फायद्यासाठी माहिती विकल्यास १० वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण आपल्यासारख्यांना खरा धोका आहे तो या साध्या आपुलकीचा.

याचा अर्थ सदैव तोंड बंद ठेवावे, असा मात्र नाही. प्रतीक्षाकक्षात रुग्णाला नावाने हाक मारता येते. उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे कागद पाठवायला रुग्णाची वेगळी लेखी संमती लागत नाही. रुग्णाची हरकत नसेल तर त्याच्या देखभालीत सहभागी असलेल्या नातेवाइकाशी तेवढ्यापुरते बोलता येते. मात्र फोनवर मराठी ऐकू आले म्हणून मुलाला आईचा रिपोर्ट सांगून टाकू नये, आधी ओळख पटवावी आणि आईची मर्जी विचारावी. रुग्णाने स्वतःच्याच नोंदी मागितल्या, तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत त्या द्याव्याच लागतात. ‘हिपामुळे देता येत नाही’ असे सांगून त्याला परत पाठवणे हेच कायद्याचे उल्लंघन आहे, आणि २०१९नंतर या एकाच कारणावरून अनेक छोट्या दवाखान्यांवर कारवाई झाली आहे.

सुरक्षेच्या बाबतीत प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र असते. गर्दीच्या वेळी सहकाऱ्याला आपला पासवर्ड देणे येथे मदत समजली जात नाही. ज्या कंपनीशी दवाखान्याचा ‘बिझनेस असोसिएट’ करार (रुग्णांची माहिती जपण्याची लेखी हमी देणारा) नाही, अशा कोणत्याही ॲपवर एक्स-रेचा फोटोसुद्धा पाठवू नये. फेब्रुवारी २०२४मध्ये दवाखान्यांची विम्याची बिले हाताळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा चोरलेल्या लॉगिनने हल्लेखोर ज्या प्रवेशद्वारातून आत शिरले तेथे दुहेरी पडताळणीच नव्हती, आणि देशभरातील दवाखान्यांची विम्याची बिले आठवडेच्या आठवडे अडकून पडली. दर सकाळी फोनवर येणारा तो कोड कंटाळवाणा वाटला, तरी त्याची किंमत एवढी आहे.

चूक आपल्याही हातून होईल. पहिल्याच वर्षी माझ्याकडून एक आकडा चुकला आणि एका रुग्णाचा अहवाल भलत्याच कार्यालयात फॅक्स झाला. मी लगेच गोपनीयता अधिकाऱ्यांना सांगितले. त्यांनी तेथे फोन करून कागद नष्ट केल्याची लेखी खात्री घेतली, आणि कागदात कोणती माहिती होती, ती कोणाच्या हाती पडली, प्रत्यक्ष वाचली गेली का, नुकसान कितपत टळले, हे सारे नोंदवून ठेवले. भंग ठरला असता तर रुग्णाला विनाविलंब, जास्तीत जास्त ६० दिवसांत कळवावे लागले असते. ५०० किंवा अधिक रुग्णांची माहिती फुटली तर त्याच मुदतीत केंद्रीय आरोग्य विभागालाही कळवावे लागते. ही मुदत चूक लक्षात आल्यापासून धावू लागते, म्हणून संध्याकाळपर्यंतही थांबू नये.

मुलाखतीत जुना अनुभव सांगताना भारतातील रुग्णांचीही नावे किंवा ओळख पटेल असे तपशील सांगू नयेत. समोरची व्यक्ती तेच पारखत असते. आपणही दोन प्रश्न विचारावेत : येथील गोपनीयता अधिकारी कोण आहेत, आणि सुरक्षेच्या जोखमीचा लेखी आढावा शेवटचा कधी घेतला. छोट्यातल्या छोट्या दवाखान्यालाही या दोन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. उत्तर देताना ते गोंधळले, तर तेथे रुजू होऊ नये असेच मी सांगेन, कारण पुढे काही घडले की दोष बहुधा स्वागतकक्षातील नव्या माणसावर येतो.