वय ४२, सायकलवर घाट चढताना हार्ट रेट १७८-१८० जातो, डॉक्टरांना दाखवू का?

नुसता आकडा बघून घाबरू नका. जास्तीत जास्त हार्ट रेटचा अंदाज २२० वजा वय असा काढतात, म्हणजे तुमचे १७८ येतात, पण तो सरासरीचा हिशोब आहे, माणसागणिक १०-१२ ठोके इकडेतिकडे होतातच, त्यामुळे खडी चढण चढताना १८० दिसणं तसं नॉर्मल असू शकतं. आणि मनगटावरचं घड्याळ खडबडीत रस्त्यावर, हँडल घट्ट धरलं की काहीही दाखवतं. छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा लावून एकदा खात्री करा.

खरं बघायचं ते थांबल्यावर. एका मिनिटात ठोके निदान १२ने तरी उतरायला हवेत, बहुतेकांचे २०-३०ने उतरतात. माझे उतरायचेच नाहीत, सपाट रस्त्यावर पण १६५, मला वाटलं ऊन आहे, झोप कमी झाली, पाणी कमी पडलं (या सगळ्याने वाढतात हे खरंच आहे) पण रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, फक्त ९ निघालं, गोळ्या घेतल्यावर हळूहळू सगळं रुळावर आलं.

पण छातीत दडपण, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, ठोके अचानक उडी मारून वेडेवाकडे पडणं, यातलं काहीही झालं तर तिथेच उतरा, सावलीत बसा, कुणाला तरी हाक मारा आणि पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही किंवा शुद्ध हरपली तर सरळ १०८ ला फोन. अॅसिडिटी समजून सायकल दामटवत घरी येऊ नका प्लीज! आणि थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आलेला असेल, बीपी-शुगर असेल, तर त्रास नसला तरी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टबद्दल (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) डॉक्टरांना विचारून घ्या.