डिझाइनच्या कामाचा संगणक : आधी मॉनिटर की ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न : बारामतीत माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिले, फ्लेक्स आणि वर्षातून एक दिवाळी अंक अशी कामे मी कोरलड्रॉ आणि फोटोशॉपवर करते. सध्याच्या संगणकात ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असून मोठा फ्लेक्स उघडला की तो अडकून बसतो. असेंबल करून देणाऱ्याने ९५,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. त्यात १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि दिव्यांचे कॅबिनेट आहे. मॉनिटर मात्र जुनाच चालवा, असे तो म्हणतो. हे कोटेशन माझ्या कामासाठी योग्य आहे का?

उत्तर : नाही. गेम खेळणाऱ्या ग्राहकासाठी ही जुळणी चांगली आहे, पण तुमच्या कामाला ज्याची गरज आहे त्यावर तिच्यात सर्वांत कमी पैसा लावलेला आहे.

संगणक नेमका कशाने अडतो, हे तुमच्याच फाइलवरून पाहू. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ७२ पिक्सेल) केला, तर तो ८,६४० बाय १७,२८० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे १५ कोटी पिक्सेलचा होतो. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागत असल्याने पूर्ण आकाराचा एकच लेयर जवळजवळ ६०० एमबी जागा घेतो. याउलट सात बाय पाच इंचांच्या लग्नपत्रिकेचे चित्र ३०० डीपीआयवर जेमतेम १३ एमबीचे असते. फ्लेक्समध्ये असे चार-पाच लेयर झाले आणि मागे जाण्यासाठी फोटोशॉप जपून ठेवते ते बदल त्यात मिळवले, की ८ जीबी रॅम भरून जाते आणि उरलेला पसारा फोटोशॉप डिस्कवर मांडू लागते. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दोनशे एमबीच्या पुढे जात नाही, आणि तुमचा संगणक नेमका तिथेच अडकतो. १२ जीबीच्या कार्डाने हे दुखणे बरे होणार नाही.

म्हणून रॅम ३२ जीबी घ्यावी, आणि ती १६ जीबीच्या दोन पट्ट्यांमध्ये घ्यावी, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते. चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर पुढे आणखी दोन पट्ट्या लावता येतील, असे दुकानदार सांगतात. परंतु डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये चारही खाचा भरल्या की रॅमचा वेग बऱ्याचदा बराच खाली आणावा लागतो. फ्लेक्सचे काम वाढणार याची खात्री असेल, तर आत्ताच ३२ जीबीच्या दोन पट्ट्या घेणे शहाणपणाचे ठरेल. सोबत १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान चिपवरची साठवण, घ्यावी आणि जुनी हार्ड डिस्क केवळ पूर्ण झालेल्या कामांच्या प्रती ठेवण्यासाठी वापरावी.

कोरल आणि फोटोशॉपमधील बरीचशी कामे प्रोसेसरच्या थोड्याच कोअरवर (गणना करणाऱ्या गाभ्यांवर) चालत असल्याने सोळा कोअरच्या महागड्या प्रोसेसरपेक्षा वेगवान सहा कोअर पुरेसे होतात. रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर तुमच्यासाठी योग्य वाटतो. त्याच्या खोक्यात पंखा येतो, शिवाय त्याच्यात स्वतःचे छोटे ग्राफिक्सही आहे, त्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय काम सुरू करता येते. फोटोशॉपचे नवे एआय फिल्टर रोजच्या वापरात आले, तर ८ जीबीचे मध्यम कार्ड नंतर बसवता येईल. खरेदी करताना प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे का, हे मात्र स्वतः वाचून पाहावे. या अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो.

कार्डाचे वाचलेले पैसे मॉनिटरमध्ये घालावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जुन्या मॉनिटरवर एकाच राखाडी रंगाने पूर्ण पडदा भरा आणि मान हळूहळू खाली न्या. रंगाची छटा बदलत गेली, तर ते स्वस्त टीएन पॅनेल आहे. त्यावर एकच लाल रंग वरच्या कडेला एक दिसतो आणि खालच्या कडेला दुसरा. कोनाप्रमाणे रंग फारसा न बदलणाऱ्या आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी या प्रमाणित रंगसंचाचा पूर्ण पल्ला दाखवणारा आणि कारखान्यातून रंग जुळवून आलेला २७ इंची मॉनिटर घ्यावा. २,५६० बाय १,४४० पिक्सेलच्या अशा पडद्याची रुंदी साडेतेवीस इंच आणि उंची सव्वातेरा इंच भरते, त्यामुळे दिवाळी अंकाची ए४ आकाराची समोरासमोरची दोन पाने खऱ्या मापात मांडूनही भोवती टूल्सना जागा उरते. २४ इंची पडद्यावर त्यांची उंची कशीबशी मावते.

मॉनिटर आणल्यावर ब्राइटनेस कमी करायला विसरू नये. मी स्वतः अनेक वर्षे तो पूर्ण वाढवून काम करत होतो, आणि एका लग्नपत्रिकेतील कुंकवाचा लाल रंग छापून आला तेव्हा तो वाळलेल्या रक्तासारखा काळपट दिसत होता. छापखान्याची काही चूक नव्हती; माझा पडदाच कागदापेक्षा कितीतरी उजळ होता. पाचशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून मी कोरा कागद पडद्याशेजारी धरून दोन्हींचा पांढरेपणा डोळ्यांना सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवतो.

पॉवर सप्लाय ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा आणि दीर्घ वॉरंटीचा असावा. ‘८० प्लस’ हा शिक्का विजेची बचत सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. वीज जाण्याचा त्रास असेल, तर यूपीएस हवाच. कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर नवा संगणक जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून दुकानाचे अर्थिंग तपासून घ्यावे.

नव्या संगणकावर विंडोज ११ येईल, कारण विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तुमचे जुने कोरल आणि मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, फॉन्टचे यूएसबी लॉक (परवान्यासाठी संगणकाला लावायची किल्ली) ओळखले जाते का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानातच चालवून पाहावे. वर्षानुवर्षांच्या पत्रिकांचा मजकूर त्याच फॉन्टमध्ये अडकलेला असतो.

प्रश्न : माझी मुलगी इंटिरियर डिझाइन शिकते आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खोल्यांची चित्रे तयार करते. तिलाही ग्राफिक्स कार्ड नंतर घेतले तर चालेल का?

उत्तर : तिच्या बाबतीत क्रम उलटा आहे. रेंडरिंगचे, म्हणजे थ्रीडी दृश्यापासून अंतिम चित्र तयार करण्याचे, काम कार्डाकडून करून घेता येते आणि ते प्रोसेसरपेक्षा कितीतरी लवकर होते. मात्र दृश्यातील फर्निचर, पडदे, फरशीची टेक्स्चर्स (पृष्ठभागावर चढवलेली चित्रे) हे सारे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावले पाहिजे. तिच्यासाठी १२ जीबीचे एनव्हीडिया आरटीएक्स कार्ड हाच मुख्य खर्च समजावा आणि पॉवर सप्लाय त्या कार्डाला झेपेल असा, ६५० वॅट किंवा अधिक क्षमतेचा घ्यावा. वरच्या प्रश्नातील बारामतीच्या वाचक भगिनींना मिळालेले कोटेशन तिच्या कामाला बहुतांशी जुळते. फक्त त्यातील १६ जीबी रॅमच्या जागी ३२ जीबी करून घ्यावी.