सरकारने बंदी घातली तर बिटकॉइन बुडेल का?

प्रश्न : केळीच्या पैशातून उरलेली रक्कम मुलाने मोबाइलच्या अ‍ॅपवरून बिटकॉइन आणि यूएसडीटीत (डॉलरच्या भावाशी बांधलेलं डिजिटल नाणं) घातली आहे. सरकारने उद्या हे बंद केलं तर?
– एक वाचक, रावेर

उत्तर : बिटकॉइन हजारो संगणकांवर चालतं, ते एका आदेशाने थांबत नाही. २०२१ मध्ये चीनने मायनिंग (संगणकांनी व्यवहार नोंदवून नवी नाणी मिळवणं) बंद पाडलं, तेव्हा या जाळ्याची संगणकीय ताकद काही आठवड्यांत जवळपास निम्मी झाली. व्यवहार मात्र सुरूच राहिले.

अडतो तो रुपयांचा रस्ता. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्यापासून दूर व्हायला सांगितलं आणि तीन महिन्यांत एक्स्चेंजवर (नाणी घ्यायच्या-विकायच्या बाजारावर) रुपये भरणं-काढणं अडलं. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० ला रद्द केलं. जवळपास दोन वर्षं बिटकॉइन जागेवर, पण मोडायची पंचाईत.

तुमचा धोका अ‍ॅपमध्ये आहे. नाणं हलवायच्या चाव्या, म्हणजे गुप्त संकेत, कंपनीकडे; तुमच्याकडे फक्त नोंद. सोनं घरात असणं वेगळं आणि सराफाच्या वहीत असणं वेगळं, जळगावकडच्यांना हे सांगायला नको. अ‍ॅप फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदलेलं आहे का, हे आधी पाहा; नोंदणी न केलेल्या परदेशी एक्स्चेंजची संकेतस्थळं जानेवारी २०२४ मध्ये भारतात अडवली गेली. मग नाणं बाहेर काढू देतात का ते तपासा, काही अ‍ॅप देतच नाहीत.

देत असतील तर स्वतःचं वॉलेट (चाव्या तुमच्याच हातात ठेवणारं अ‍ॅप किंवा यंत्र) उघडा. ते दाखवेल ते १२ किंवा २४ शब्द क्रमाने कागदावर लिहा, चाव्या त्यांतूनच परत मिळतात. फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच. आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, पोचली की उरलेली. यूएसडीटी पाठवताना दोन्ही बाजूंना नेटवर्क (नाणं ज्या जाळ्यावरून जातं ते) एकच हवं, उदाहरणार्थ ट्रॉन तर ट्रॉन. इथे चूक झाली तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. शिवाय यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी कोणत्याही वॉलेटचा पत्ता गोठवू शकते, मग वॉलेट तुमचं असून उपयोग नाही. म्हणून बंदीचीच भीती असेल तर यूएसडीटी साठवू नका.

अनोळखी माणसाला परस्पर विकून रुपये घेणं टाळा. ते पैसे सायबर फसवणुकीतले निघाले तर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं बँक खातं गोठतं.

नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस आहे. वजा होते फक्त खरेदी किंमत. अ‍ॅप बंद पडलं की तिचा पुरावाही जातो, तेव्हा सगळी स्टेटमेंटं आजच उतरवून ठेवा.