सोलापुरात हॉटेलांना द्यायला व्हिएतनामची बासा मासळी मागवायचीय, माल कस्टममध्ये अडकू नये म्हणून काय बघू?

पहिलं म्हणजे सॅनिटरी इंपोर्ट परमिट, म्हणजे मासळी आणायची सरकारी परवानगी, हातात आल्याशिवाय कंटेनर तिकडनं हलवू देऊ नका, बाकी सगळं नंतर. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) आणि एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचं, सेंट्रल लायसन्स पण लागतं, गावातलं साधं रजिस्ट्रेशन इथं चालत नाही बरं का.

माझा एकदा माल न्हावाशेवाला अडकला होता, तिकडच्या हेल्थ सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर एक आणि खोक्यावरचा दुसरा, एवढंच कारण, आणि रीफर (फ्रीजवाला) कंटेनर असल्यामुळं लाइटचा मीटर रोज चालूच, उणे १८ डिग्री ठेवायलाच लागतं ना. तेव्हापासनं मी माल लोड व्हायच्या आधी खोक्याच्या चारी बाजूंचे फोटो मागवतो आणि कागद घेऊन एकेक आकडा जुळवून बघतो. तुमचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, नॉनव्हेजचा शिक्का खोक्यावर राहिला तर बाँडेड गोदामात (कस्टमच्या ताब्यातलं गोदाम) स्टिकर लावून भागतं, पण बॅच नंबर नि तारीखच नसेल तर काही करता येत नाही.

एक्सपायरीचं पण बघा, बंदरात येताना ६० टक्के शेल्फ लाइफ (माल टिकायची मुदत) किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं तरी शिल्लक पाहिजे.

आसियान कराराची (भारत आणि आग्नेय आशियातल्या देशांचा व्यापार करार) ड्युटी सवलत घ्यायची असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल व्हिएतनामचाच असल्याचा दाखला, मागून घ्या. आणि सोलापूरपर्यंत रीफर गाडीच करा, आपल्याकडं मे महिन्यात बर्फ टिकत नाही ओ.