गादीखालच्या अकरा गोळ्या

‘ताई, बहीण आणि मेव्हणे गेले, तेव्हापासून भाचा माझ्याकडे आहे. चार वर्षांचा असताना एचआयव्हीसाठी एआरटी सेंटरची गोळी सुरू झाली, आता तेरा पूर्ण. वर्गात सगळ्यांत बुटका. त्याला ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणून सांगत आलेय. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून टाकते. परवा गादी उचलली तर खाली अकरा गोळ्या. तो किती जगेल? त्याचं लग्न होईल का? खरं सांगू की नको?’
– एक मावशी, सांगली जिल्हा

मावशी, बाकीचे प्रश्न मोठे आहेत, पण मी त्या अकरा गोळ्यांपाशीच अडले. ज्याला ना चक्कर येते ना थकवा, त्यानं रक्तवाढीची गोळी रोज का गिळावी? त्याच्या जागी मी असते तर मीही गादीखालीच सरकवली असती.

किती जगेल, याचा आकडा कुणीच देऊ शकणार नाही. औषध नव्हतं तेव्हा जन्मतः लागण झालेली जवळपास निम्मी मुलं दोन वर्षांचीही होत नसत. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, 2004 साली सुरू झाली. सुरुवातीच्या त्या वर्षांत औषध चालू झालेली लेकरं आज कमावती आहेत, काहींचे संसारही आहेत. उंची खुंटते, मिसरूड उशिरा फुटतं, हे खरं. औषध उशिरा सुरू झालं की जास्तच. त्यातलं थोडंफार पुढे भरून निघतं. हाडं, किडनी, कोलेस्टेरॉल यांवर मात्र वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, म्हणून सेंटरवरची रक्ततपासणी चुकवू नका.

पण या वयात खरी भीती डोस चुकण्याची असते. गोळ्या वरचेवर चुकल्या की विषाणू त्या औषधाला जुमानेनासा होतो, मग औषध बदलावं लागतं. आणि बदलायला औषधं काही ढीगभर नाहीत.

म्हणून सांगा. जागतिक आरोग्य संघटना तर सहा ते बारा या वयातच हळूहळू सांगा म्हणते. आधी सेंटरच्या समुपदेशकांशी बोला, हवं तर त्यांच्यासमोरच सांगा. पाहुणे घरात असताना नको, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. ‘आईला होतं का?’ असं तो विचारणारच. होतं म्हणा, आणि त्यात तिची चूक नव्हती हेही म्हणा. चिडेल, दोन दिवस जेवणार नाही कदाचित. तुमच्यावरच चिडेल, कारण लेबल तुम्ही खरवडलंय.

लग्नाचं म्हणाल तर, गोळी नियमित असेल आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडेनासं होऊन तसंच टिकलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जोडीदाराला आधी सांगायचं मात्र. शाळेत सांगायची सक्ती नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या कायद्यानं या कारणावरून शाळेला त्याला नाकारता येत नाही.

आणखी एक. उंचीसाठी मेडिकलमधून कॅल्शियम आणून देत असाल, तर सेंटरवर सांगा. डोल्युटेग्रॅवीर हे एचआयव्हीवरचं औषध असलेली गोळी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेतली तर अंगी कमी लागते. वेळा तेच ठरवून देतील.

येत्या खेपेला त्याला सोबत न्या. तिथे उरलेल्या गोळ्या मोजतात, तेव्हा त्या अकरा गोळ्या फेकू नका, कागदात बांधून घेऊन जा.